पाच इंचांचा ठोकळा

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे सूतभर म्हणायचे. पगाराच्या कागदावर नाव वेगळं होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने मानही वर केली नसती. वेल्डरने एकदा मोठ्या हौसेने भिंतीवर घड्याळ लावलं. कौतुक करायचं सोडून हा डोळा बारीक करून म्हणाला, "सूतभर उजवीकडे झुकलंय." वेल्डरने त्याच दिवशी त्याचं नाव ठेवून टाकलं. आणि खरं सांगायचं तर घड्याळ झुकलेलंच होतं, हीच तर पंचाईत! या माणसाचं बहुतेक वेळा बरोबर असायचं. सदान्‌कदा बरोबर असणाऱ्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि अठ्ठावीस वर्षांत तिने ब्र काढला नाही.

एकतीस वर्षं तो एकाच मिलिंग मशीनवर होता. काम तसं सांगायला सोपं. टेबलावर लोखंडाचा तुकडा घट्ट आवळायचा, वरून फिरतं कटर उतरवायचं आणि नको असलेलं लोखंड सोलून काढायचं. करायला बसलात तर कळेल. मशीन त्याच्या आधीपासून तिथे होतं, बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, पण हा त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. सकाळी आल्यावर आधी टेबलावरून हात फिरवणार, मग चहा. सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्या अंगाला तेल लावून वर कापड घालणार. बायकोला ताप आला की हा विचारायचा, "गोळी घेतलीस ना?" मशीनच्या गिअरमधून जरा आवाज आला तर जेवायचा नाही.

मग थोरले मालक गेले आणि त्यांच्या मुलाने कारभार हातात घेतला. हा नवा मालक गोडबोल्या. सगळ्यांना काका, मामा. एक दिवस सूतभरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, पंपांची मोठी केसिंग यायला लागलीत. तुमच्या मशीनखाली मावत नाहीत. चार बोटं कमी पडतात. आलेलं काम मी परत पाठवायचं का, सांगा बरं?"

सूतभर काय सांगणार? कमी पडत होती हे खरंच होतं.

"भंगारवाला येऊन बघून गेलाय," मालक म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला गेटवर बसवतो. सावली आहे, पंखा आहे. आत काय आलं, बाहेर काय गेलं, लिहायचं. या वयात आणखी काय पाहिजे?"

सूतभरच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं गेटवरच्या काचेच्या खोक्यात बसून, आपल्या मशीनच्या जागी दुसरं काहीतरी उभं असलेलं बघत काढायची? त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? पण घरी बसून करणार काय, मशीन तर इथे.

"मालक, दोन महिने द्या," तो म्हणाला. "मी उंची वाढवून देतो."

"ती कशी?"

"मशीनचा खांब आणि कटर धरणारं वरचं हेड यांच्यामध्ये ठोकळा घालतो. पाच इंचांचा. हेड पाच इंच वर गेलं की केसिंग सहज मावतील."

"मिळतो कुठे असा ठोकळा?"

"मिळत नाही. ओतावा लागेल."

"ओता की मग!" मालक हसला. "वर्कशॉपकडून मात्र काही मागू नका हं, काका."

सूतभर ओतकाम करणाऱ्या चार फाउंड्रींत जाऊन आला. एकच नग म्हटल्यावर कुणी दारात उभं करेना. तेव्हा याने ठरवलं, घरी ओतायचा.

घर दोन खोल्यांचं. मागच्या बाजूला फरशी घातलेली छोटी मोकळी जागा, तिथे नळ, कपडे वाळत घालायची दोरी आणि एक कढीपत्त्याचं झाड. एका सकाळी तिथे तेलाचं रिकामं पिंप येऊन पडलं. त्याला आतून भट्टीची माती लिंपली गेली, खाली भोक पाडून भंगारातला पंखा जोडला गेला.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"भट्टी."

"आणि कपडे कुठे घालू?"

"दोन महिने पुढे घाल ना."

तिने दोरी सोडली आणि पुढे नेऊन बांधली. त्यानंतर पिठाची चाळण गेली, कारण वाळू बारीक चाळायला हवी. मग जेवणाचं टेबल गेलं, कारण लाकडाचा नमुना करायला सपाट जागा हवी. दोघं जमिनीवर बसून जेवायला लागली. जेवताना तो समजावून सांगायचा. आधी लाकडाचा हुबेहूब ठोकळा करायचा, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा, वाळूत जी पोकळी राहील त्यात वितळलेला धातू ओतायचा. पण धातू थंड झाला की आकसतो. म्हणून लाकडाचा नमुना थोडा मोठा ठेवायचा, शंभराला सव्वा.

"माणसंपण थंड झाली की आकसतात का हो?" ती म्हणाली.

"माणसांचं माहीत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा मापं लिहायला लागला. विनोद होता तो. हसायचं असतं, बाबा!

धातू म्हणजे ॲल्युमिनियम. गॅरेजवाल्याकडून गाड्यांचे जुने पिस्टन पोतंभर आणले, कारण ते ॲल्युमिनियम ओतायला चांगलं. वाळूत चिकणमाती आणि पाणी इतकंच, की मुठीत दाबली तर बोटांचे ठसे राहावेत, पण हाताला ओल लागू नये. याबाबतीत तो फार कडक होता. "ओतकामात पाणी म्हणजे वैरी," तो तिला सांगायचा. "वितळलेल्या धातूखाली थेंबभर पाणी सापडलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू बंदुकीच्या गोळीसारखा उडतो." तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वितळलेल्या धातूने भरलेलं भांडं, म्हणजे मूस, सोळा किलोची. ती लांब दांड्याच्या कड्यात अडकवून दोन माणसांनी दोन बाजूंनी उचलायची असते. वेल्डरने शब्द दिला होता, रविवारी येतो म्हणून. रविवारी त्याच्याकडे पाहुणे आले. भट्टी पेटलेली, धातू पाणी झालेला, आता काय करणार? "अगं, जरा ये," सूतभर म्हणाला. "एक बाजू धर फक्त." तिने पदर खोचला आणि धरली.

पहिल्या खेपेला धातू थंड पडला, ठोकळा अर्ध्यातच थांबला. दुसऱ्या खेपेला आकार पूर्ण आला, पण कापून बघितला तर आत भोकंच भोकं. दोन्ही वेळा फोडून, पुन्हा वितळवायला ठेवून, तोंड पाडून बसला. दोन्ही वेळा दांड्याचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. वेल्डर "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत राहिला. आणि एक गंमत सांगू? तिला ते आवडायला लागलं होतं. इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदा तिला "सावकाश, हां, आता माझ्याबरोबर" असं म्हणत होता. तिने शेजारणीला सांगितलंसुद्धा, "आमच्याकडे आता मीच मदतनीस." सांगताना चेहरा खुलला होता तिचा.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी ती लवकर उठली. मागची जागा झाडली. सगळी हत्यारं पुसून ओळीने ठेवली. आणि तिथे लोखंडाची एक पन्हळ होती, ओतून उरलेला धातू तिच्यात रिकामा करायचा. काजळीने काळीकुट्ट झाली होती. जन्मभर भांडी घासलेली बाई ती, तिला राहवेना. तिने पन्हळ घासली, धुतली, उन्हात पालथी घातली आणि वाळल्यावर जागेवर ठेवली. दिसायला वाळली होती. सांध्यातल्या गंजाखाली ओल राहिली होती.

आता ऐका. तो दर वेळी ती पन्हळ आधी भट्टीला टेकवून तापवून घ्यायचा. नेमाने. त्या दिवशी धातूचा रंग बघण्यात असा गुंगला, की विसरला. दुसऱ्याचं घड्याळ सूतभर झुकलेलं असलं तर ज्याला दिसायचं, त्याला हे दिसलं नाही.

धातू साच्यात गेला. सुरेख गेला, दुधाच्या धारेसारखा, एकदाही न थांबता. "जमलं!" तो ओरडला. "उरलेला पन्हळीत. चल." दोघांनी मूस वळवली आणि तिरकी केली.

फाडकन आवाज झाला. पिंपाच्या पत्र्यावर धातूचे थेंब ताडताड वाजले. ती किंचाळली आणि खाली बसली. डाव्या पायावर, चपलेच्या पट्ट्यांच्या मध्ये, रुपयाएवढा धातू येऊन चिकटला होता.

आणि तो धावला. साच्याकडे! गुडघ्यांवर बसून त्याने वाळूच्या पेटीवर दोन्ही हात ठेवले. हादऱ्याने पेटी हलली की काय, सांधा उघडला की काय, ते बघितलं. हलली नव्हती. मग तो वळला, आणि त्याच्या तोंडून पहिले शब्द आले ते असे, "धुतलीस कशाला ती?"

तीन-चार सेकंद. जास्त नाही. नंतर मात्र त्याने काही कमी केलं नाही. पायावर पाण्याची धार धरली, उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात डॉक्टरांच्या हातापाया पडला. दीड महिना रोज पट्टी बदलायला घेऊन गेला. स्वयंपाक केला, कपडे धुतले. पण डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता वाकायची नाहीत. ती पाय ओढत चालायला लागली, आणि चप्पल डाव्या पायात टिकेना. त्या तीन-चार सेकंदांबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. त्याला वाटलं, दुखण्यात तिने बघितलंच नसेल. वाटलं म्हणजे, त्याने तसं वाटून घेतलं.

त्याच दिवशी संध्याकाळी, ती गोळीच्या गुंगीत झोपलेली असताना, त्याने साचा फोडला. ठोकळा अखंड निघाला होता. बोटाच्या पेराने वाजवला तर घंटेसारखा वाजला. कशाला खोटं बोला, तो खूश झाला. मग आतून तिचं कण्हणं ऐकू आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पण आधी खूश झाला, हे खरं.

शिफ्ट सुटल्यावर थांबून थांबून त्याने तो ठोकळा आपल्याच मशीनवर कापला. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर, मध्ये केसाचाही फरक नको. अगदी तंतोतंत कधीच होत नाही, म्हणून कुठली बाजू वर आणि कुठली पुढे ते ठरवून पुढच्या अंगाला टोकदार लोखंडी पंचाने तीन ठिपके मारले. बसवला. हेड पाच इंच वर गेलं. पहिलं केसिंग टेबलावर चढवलं आणि कटर खाली आणलं, तर वर दोन बोटं जागा शिल्लक. सगळं वर्कशॉप गोळा झालं होतं. वेल्डर म्हणाला, "सूतभर, मानलं बुवा!" मालकाने पेढ्यांचा नाही, पण चहाचा तरी खर्च केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगायला लागला, "आमच्या वर्कशॉपने केलंय हे." आमच्या वर्कशॉपने! कोळसा याचा, धातू याचा, पाय याच्या बायकोचा.

चार महिने सुखाचे गेले. मग एक दिवस एक परका माणूस आला, मशीनभोवती फिरला, ठोकळ्यावर टिचकी मारून गेला. आठवड्याने मालकाने सूतभरला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

"काका, मशीनला गिऱ्हाईक मिळालं. त्या जागी कॉम्प्युटरवालं नवं मशीन येतंय."

"पण आता तर सगळी केसिंग मावतात," सूतभर म्हणाला.

"म्हणूनच तर मिळालं! नाही तर भंगारात जाणार होतं. तुम्ही सोनं केलंत त्याचं, काका. आता कुठेतरी चालत तरी राहील. आनंद माना. आणि गेटवरची जागा तुमच्यासाठी राखून ठेवलीय मी."

गरज सरो, वैद्य मरो. आपल्याच हाताने त्याने मशीन विकाऊ केलं होतं. सहा महिन्यांपूर्वी काहीच केलं नसतं तरी गेटच मिळालं असतं, पण बायकोचा पाय तरी धड राहिला असता.

घरी येऊन त्याने सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला ठेवून म्हणाली, "मशीन त्यांचं, विकू देत. ठोकळा आपला. काढून आणा."

"काय करायचंय त्याचं?"

"काही नाही. घरात ठेवायचाय. माझ्या पायाचा आहे तो." आणि जरा थांबून म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. हे मागतेय."

"आणतो," तो म्हणाला. "का नाही आणणार? कुणाच्या बापाची हिंमत आहे अडवायची? तुझ्यादेखत ओतलाय. आणतोच."

त्याच संध्याकाळी ती शिवायला बसली. त्याच्या जुन्या कामाच्या पँटच्या जाड कापडाची पिशवी, दुहेरी शिलाईची, बारा किलोने फाटू नये अशी. पट्टे ओढून ओढून बघितले. सकाळी डब्याबरोबर घडी करून दिली आणि दारापर्यंत आली, पाय ओढत.

मशीन न्यायला ट्रक आला होता. घेणाऱ्याचा ऑपरेटर बरोबर होता, चष्मा लावलेला, साठीकडे झुकलेला साधा माणूस. ट्रकमध्ये उंच होतं म्हणून हेड उतरवावं लागलं, ठोकळा सुटा झाला आणि कुणीतरी तो उचलून बाकावर ठेवला. देवाने हातात आणून द्यावा तसा. मालक फोनवर बोलत बाहेर उभा. वेल्डरने डोळ्यांनी खूण केली, घे की! सूतभरने पिशवी उलगडली. नुसता आत सरकवायचा आणि चालायला लागायचं.

तेवढ्यात तो चष्मेवाला जवळ आला. ठोकळा हातात घेऊन इकडून तिकडून फिरवत म्हणाला, "दादा, याची कुठली बाजू वर?"

सूतभरने त्याच्याकडे बघितलं. याने उलटा बसवला तर हेड झुकणार. केसभर झुकणार, पण झुकणार. आणि ठोकळा नेलाच तर काय, केसिंग मावणार नाहीत, मशीन दोन महिन्यांत भंगारात जाणार. एकतीस वर्षं जपलेलं मशीन.

"हे तीन ठिपके दिसतात?" तो म्हणाला. "हे पुढे. आणि हे तोंड वर." मग बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे ते सांगितलं. मग चौथ्या गिअरचा आवाज आला तर कुठे तेल सोडायचं ते. चष्मेवाला कान देऊन ऐकत होता, मध्येच प्रश्न विचारत होता, आणि प्रश्न शहाण्या माणसाचे होते. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. ट्रकवाला हॉर्न मारायला लागला. चष्मेवाल्याने ठोकळा उचलला आणि तसाच लोखंडाच्या ढिगात ठेवायला निघाला.

"अहो, असा नका नेऊ!" सूतभर ओरडला. "तोंडाला ओरखडा गेला तर बसायचा नाही नीट." आणि त्याने स्वतःच्या हाताने ठोकळ्याला तेल चोपडलं, तो पिशवीत घातला, पट्ट्यांची गाठ मारली आणि ट्रकमध्ये चढून कोपऱ्यात, हलणार नाही असा, ठेवून आला.

ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर त्याला जाणवलं, हातात नुसता डबा आहे. तेव्हा बायकोचं मागणं आठवलं.

घरी ती दारातच बसली होती. मागच्या भिंतीपाशी, भट्टी होती तिथे, तिने जागा झाडून एक पाट मांडून ठेवला होता. तिने त्याच्या हातांकडे बघितलं.

"नाही दिला त्यांनी?"

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण हा पडला सूतभर. "मागितलाच नाही मी," तो म्हणाला. "अगं, उलटा बसवला असता त्याने. मशीन बिघडलं असतं."

"आणि पिशवी?"

"ओरखडा गेला असता म्हणून..."

ती भिंतीला धरून उठली.

"त्या दिवशीही आधी त्याच्याकडेच धावलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी म्हटलं, माणूस घाबरतो, घाबरला की काय करतो त्याचं त्याला कळत नाही. इतके महिने मी मनाची हीच समजूत घातली. आज तर घाबरायचं काही कारण नव्हतं ना हो?"

तिने पाट उचलून आत नेला. मग कपड्यांची दोरी पुढून सोडून घेऊन आली आणि मागे, पूर्वीच्या जागी, बांधायला लागली. तो मदतीला उठला, तर म्हणाली, "राहू दे. माझं मी बांधते."